आवाजाचा तिसरा वर्ग

स्पॉटिफाय या मूळच्या स्वीडिश कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले की, आपल्या वर्गणीदारांना लवकरच गाणे काहीही न गाळता, मूळ ध्वनिमुद्रणात होते तसेच्या तसे ऐकवले जाईल. हे आश्वासन प्रत्यक्षात यायला साडेचार वर्षे लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये काही देशांत ही सोय सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भारतात तीन पायऱ्यांची एक शिडी उभी राहिली. खालच्या पायरीवरील वर्गणीदाराला सेकंदाला १६० किलोबिटपर्यंतचा आवाज, मधल्याला ३२० किलोबिटपर्यंतचा आणि ‘प्लॅटिनम’ नावाच्या सर्वांत वरच्या पायरीवर चढणाऱ्याला अस्सल, म्हणजे ‘लॉसलेस’ आवाज. गाणे तेच, गायिका तीच, तबलजीही तोच. फरक आहे तो आवाजाच्या प्रतीचा. आणि त्या प्रतीनुसार श्रोत्यांचे वर्ग पाडण्यात आले आहेत.

प्रत लावून माल विकणे बाजाराला नवीन नाही. कापसाला प्रत असते, तांदळाला असते, गुळालाही असते. पण हलका तांदूळ वेगळ्या वाणातून आणि वेगळ्या शेतातून येतो. तो मुद्दाम हलका करावा लागत नाही. आवाजाच्या बाबतीत मात्र हलकी प्रत ही चांगल्या प्रतीतूनच, तीमधला काही भाग काढून टाकून, तयार करण्यात येते. म्हणूनच या शिडीकडे पाहताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत. पायऱ्यांमधला फरक माणसाच्या कानाला खरोखर कळतो काय? वरची प्रत पुरवायला कंपनीला खरोखर अधिक खर्च येतो काय? आणि अस्सल प्रत हवी असेल तर ती नेमकी कोणाला आणि कशासाठी हवी? जाहिराती या तिन्ही प्रश्नांची एकच गल्लत करतात आणि शुद्धतेच्या नावाखाली उत्तर विकून मोकळ्या होतात.

गाळणे आणि दाबणे

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली कॉम्पॅक्ट डिस्कचे, म्हणजे सीडीचे, मानक ठरवले आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यावर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक नोंद १६ बिटांची आणि डाव्या-उजव्या बाजूंची मिळून दोन. गुणाकार केला तर सेकंदाला १,४११ किलोबिट होतात. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचे सगळे हिशेब सोपे होतात. ३२० किलोबिटांत या माहितीचा चौथा हिस्साही उरत नाही, १६० मध्ये सुमारे नववा हिस्सा उरतो आणि मोबाइलवर अनेकदा वापरात असलेल्या ९६ मध्ये जेमतेम पंधरावा.

एवढी माहिती टाकून देऊनही गाणे गाण्यासारखे राहते, हे श्रेय एमपी३ या पद्धतीचे आणि तिच्या वारसदारांचे. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्था आणि तेथील विद्यापीठ यांच्या संशोधनातून ही पद्धत आकाराला आली. १९९०च्या दशकाच्या आरंभी तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले आणि १९९५ मध्ये ‘एमपी३’ हे सुटसुटीत नाव. तिचे तत्त्व माणसाच्या कानाच्या मर्यादेवर आधारलेले आहे. ढोलताशाच्या गजरात शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही. त्याचप्रमाणे एखादा जोरकस स्वर चालू असताना त्याच्या जवळपासचे क्षीण स्वर कानापर्यंत पोहोचूनही जाणवत नाहीत. जे जाणवणारच नाही ते साठवायचे कशाला, असा हा व्यवहार आहे. एमपी३नंतर आलेल्या एएसी, व्हॉर्बिस आणि ओपस या पद्धतींनी तोच व्यवहार अधिक कौशल्याने केला. म्हणजे तेवढ्याच बिटांत त्या अधिक चांगला आवाज देतात.

याहून निराळी रीत म्हणजे गाळण्याऐवजी दाबणे. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात कापूस दाबून त्याची गाठ बांधतात. गाठ सोडली की तेवढाच कापूस परत मिळतो. फ्लॅक ही पद्धत, तसेच ॲपलची एएलएसी, याच जातीची. सीडीवरची माहिती त्या साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश जागेत बसवतात आणि उघडल्यावर बिट न् बिट परत देतात. एमपी३चे मात्र चाळलेल्या पिठासारखे आहे. कोंडा एकदा फेकला की पीठ कितीही मोठ्या डब्यात भरून ठेवले तरी तो परत येत नाही. ‘लॉसलेस’ या शब्दाचा अर्थ एवढाच. त्याहून वरच्या ‘हाय-रेझोल्युशन’ प्रतीत नोंदी २४ बिटांच्या आणि सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० वेळा केलेल्या असतात.

आता प्रमुख सेवांची तुलना थोडक्यात होऊ शकते. स्पॉटिफायची वरची मर्यादा अनेक वर्षे ३२० किलोबिट व्हॉर्बिस ही होती. नव्या लॉसलेस प्रतीत ती २४ बिट आणि ४४,१०० पर्यंत गेली आहे. ॲपल म्युझिक एरवी २५६ किलोबिट एएसी पुरवते आणि २०२१ पासून १,९२,००० पर्यंतचे लॉसलेसही. यूट्यूब म्युझिकची वर्गणी भरली तरी ती सेवा २५६ किलोबिटांच्या आसपास थांबते. ॲमेझॉन, टायडल आणि फ्रान्समधील कोबझ या सेवा हाय-रेझोल्युशनपर्यंत जातात. कागदावर पाहिले तर उतरंड स्पष्ट दिसते. पण कागदाला कान नसतात.

कानाची साक्ष

आवाजाच्या प्रतीबद्दलचे मत हे साक्षीच्या कायद्यात ज्याला ऐकीव पुरावा म्हणतात त्याहूनही कच्चे असते. कोणती प्रत महाग आहे हे आधी कळले की ती गोड वाटू लागते. दोन प्रतींपैकी एक किंचित मोठ्याने वाजली तरी श्रोता तिलाच अधिक ‘स्पष्ट’ ठरवतो. म्हणून खरी परीक्षा एकाच रीतीने होऊ शकते. दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा करायचा, कोणती वाजते आहे ते श्रोत्याला सांगायचे नाही आणि पुन्हा पुन्हा ओळखायला लावायचे.

अशी परीक्षा ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी अमेरिकेत घेतली आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये ध्वनि-अभियांत्रिकीच्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केले. हाय-रेझोल्युशन ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा सीडीच्या मापात उतरवून ऐकवण्यात आले. ५५४ वेळा विचारलेल्या प्रश्नाला २७६ वेळा बरोबर उत्तर मिळाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी एवढीच बरोबर आली असती. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्रित ताळा मांडला. त्यात साडेबारा हजारांहून अधिक चाचण्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि विशेष तालीम घेतलेल्यांचे त्याहून बरे. म्हणजे फरक अगदीच नाही असे नव्हे. पण तो एवढा सूक्ष्म आहे की त्यासाठी शांत खोली, उत्तम उपकरणे आणि तयार कान एकत्र यावे लागतात. याचे कारणही दडलेले नाही. सेकंदाला ४४,१०० नोंदींत २२,००० कंपनांपर्यंतचा प्रत्येक स्वर बिनचूक मावतो आणि माणसाची श्रवणमर्यादा तरुणपणीही वीस हजारांच्या आसपास असते. साठीनंतर बहुतेकांना बारा-चौदा हजारांच्या पलीकडचे ऐकू येत नाही. महागडी उपकरणे घेण्याची ऐपत बहुधा ज्या वयात येते, त्या वयात ती ऐकण्याची ताकद ओसरलेली असते, हा निसर्गाचा एक विनोदच म्हटला पाहिजे.

याउलट शिडीच्या तळाशी फरक निश्चित कळतो. ९६ किलोबिटांच्या आवाजात आणि १६० किंवा ३२० च्या आवाजात भेद आहे आणि तो आपल्याकडच्या संगीतात विशेष जाणवतो. गाळीव पद्धतींना दोन गोष्टी जड जातात. एक म्हणजे अकस्मात उमटणारा तीव्र आघात. त्याच्या आधीच एक पुसट खरखर ऐकू येऊ लागते; पाश्चात्य अभियंते ती तपासायला कॅस्टानेट या टाळीवजा वाद्याचा उपयोग करतात. तबल्याची चाट, टाळ, चिपळ्या, घुंगरू ही सगळी त्याच कुळातली. दुसरी गोष्ट म्हणजे दीर्घकाळ चालणारा, अनेक उपस्वरांनी भरलेला नाद. तानपुऱ्याची जवारी नीट लागली की एका तारेतून स्वरांचे जे जाळे उमलते, ते कमी बिटांत विरळ होऊन पाणचट गुणगुण उरते. ज्या संगीताचा पायाच तानपुरा आहे, त्याचा पाया पातळ होणे ही किरकोळ बाब नव्हे. पण चांगल्या पद्धतीने तयार केलेला १६० किलोबिटांचा आवाज यातले बरेचसे सावरतो आणि ३२० ला पोहोचल्यावर, अंधपरीक्षेत, भल्याभल्यांची मती गुंग होते.

निष्कर्ष असा की, शिडीच्या खालच्या पायऱ्यांतले अंतर कानाला कळणारे आहे आणि वरच्या पायऱ्यांतले जवळजवळ नाही. जाहिरात मात्र सर्वांत अधिक केली जाते ती वरच्या पायरीचीच.

वाटेतली गळती

पुन्हा, कंपनीच्या यंत्रातून निघालेला आवाज थेट कानात पडत नाही. वाटेत ब्लूटूथ असते. ब्लूटूथवरील प्रत्येक हेडफोनला सक्तीची असलेली एसबीसी ही पद्धत स्वतःच गाळीव आहे आणि तिची नेहमीच्या वापरातील वरची मर्यादा सुमारे ३२८ किलोबिट आहे. म्हणजे ‘प्लॅटिनम’ प्रत शेवटच्या हातभर अंतरावर पुन्हा चाळली जाते. आपले लॉसलेस संगीत आपल्याच बिनतारी एअरपॉड्सवर जसेच्या तसे पोहोचत नाही, हे ॲपललाही २०२१ मध्ये मान्य करावे लागले. मोबाइलच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकावर, बसच्या घरघरीत किंवा स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिटीत तर हा सगळा वाद आपोआप मिटतो.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे उगमाशी, काय आहे तेही पाहावे. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला १९०२ साली कलकत्त्यात आरंभ झाला. फ्रेड गैसबर्ग या ग्रामोफोन कंपनीच्या अभियंत्याने गौहर जान यांचे गाणे कर्ण्यासमोर मुद्रित केले. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत त्या कर्ण्यातून सेकंदाला दोन-अडीच हजार कंपनांच्या पलीकडचे फारसे काही तबकडीवर उतरतच नसे. शिवाय एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. तास-तासभर फुलणारा ख्याल एवढ्या वेळात कोंबावा लागला. आपल्या मुद्रित संगीताच्या इतिहासातली सर्वांत मोठी गळती बिटांची नसून वेळेची आहे, आणि ती भरून काढण्याचे सामर्थ्य कोणत्याही नव्या मापात नाही. अशा जुन्या तबकडीची घाईघाईने, बोथट सुईने, चुकीच्या वेगाने केलेली नक्कल १,९२,००० नोंदींच्या डब्यात भरली तर ती खरखर अत्यंत विश्वासूपणे साठवते. शुद्ध नक्कल आणि शुद्ध मूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा गुणवत्तेची खरी क्रमवारी अशी लागते. मूळ मैफल कशी मुद्रित झाली, ती फितीवरून किंवा तबकडीवरून किती काळजीने उतरवली गेली, ऐकण्याचे साधन कसे आहे, आणि या सगळ्यानंतर बिटांचा दर. बाजाराने हा क्रम उलटा केला, कारण पहिल्या तीन गोष्टींची मासिक वर्गणी आकारता येत नाही.

छप्पर नसलेला डबा

फरक कानाला फारसा कळत नसेल तर निदान खर्चात तरी तो असावा, म्हणजे वरच्या किमतीला काही आधार मिळेल. येथेही निराशाच पदरी येते. ध्वनिमुद्रण कंपन्या स्ट्रीमिंग सेवांकडे गाणी पाठवतात ती सामान्यतः अस्सल प्रतीतच. हलक्या प्रती या सेवा त्यातून स्वतः तयार करतात. म्हणजे कोठारात सोने पडलेलेच असते. त्यात हीण मिसळण्याचे काम नंतर होते. जास्त बिट वाहून नेण्याचा खर्च शून्य नाही हे खरे, पण तो किती नगण्य आहे याची कबुली बाजारानेच दिलेली आहे. ॲमेझॉनने २०१९ मध्ये अस्सल प्रतीसाठी ज्यादा आकार सुरू केला. मे २०२१ मध्ये ॲपलने आपण लॉसलेस ज्यादा आकार न घेता देणार असल्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी ॲमेझॉनने आपला ज्यादा आकार रद्द केला. टायडलची वरची प्रत अमेरिकेत महिना १९.९९ डॉलर होती. एप्रिल २०२४ मध्ये ती १०.९९ डॉलरच्या एकाच वर्गणीत विलीन झाली. खर्चावर आधारलेली किंमत प्रतिस्पर्ध्याच्या एका निवेदनासरशी अशी कोसळत नाही.

मग शिडी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच अभियंत्याने देऊन ठेवले आहे. झ्यूल द्युपुई हा रस्ते-पुलांचा अभियंता आणि तितकाच मर्मज्ञ अर्थशास्त्री. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसते, यावर त्याने १८४९ मध्ये लिहिले. छपराचा खर्च वाचवावा म्हणून ते नसते असे नव्हे, असे त्याचे प्रतिपादन होते. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्याला परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढ्यासाठी तिसरा वर्ग गैरसोयीचा ठेवावा लागतो. गरिबाला त्रास देण्याची कंपनीला हौस नसते. श्रीमंताला धाक घालण्यासाठी गरिबाला उन्हापावसात बसवले जाते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला किंमतभेद म्हणतात. आवाजाची हलकी प्रत म्हणजे छप्पर काढून ठेवलेला डबा होय.

या दृष्टांताचा उत्तरार्ध भारतीय रेल्वेच्या इतिहासात आहे. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग नावापुरता रद्द केला आणि त्याला दुसरा वर्ग म्हटले. फळ्या मात्र लाकडाच्याच राहिल्या. १९७७ ते १९७९ या काळात प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील त्या फळ्यांवर दोन इंच फोमची गादी आली. पहिला वर्ग मोडून टाकण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. तळाची पायरी माणसाला साजेशी केली. वर्गभेदावर एवढा व्यवहार्य उपाय क्वचितच झाला असेल. आवाजाच्या शिडीलाही तोच न्याय लागू आहे. वरच्या पायरीची किंमत किती हा प्रश्न गौण आहे. खालच्या पायरीवर बसणाऱ्याला चांगले ऐकू येते की नाही, हा प्रश्न मुख्य आहे.

हा आग्रह धरण्याचा अधिकार समाजाला आहे, कारण ज्या साधनांवर हा व्यापार उभा आहे ती बव्हंशी समाजाचीच आहेत. एमपी३च्या संशोधनामागे जर्मनीतील सार्वजनिक पाठबळ असलेली संस्था आणि डिजिटल नभोवाणीसाठी युरोपीय राष्ट्रांनी १९८७ मध्ये हाती घेतलेला संयुक्त प्रकल्प होता. व्हॉर्बिस ही पद्धत मुक्त आहे. ती वापरायला कोणाला छदामही द्यावा लागत नाही, आणि स्पॉटिफायची वाढ तिच्याच बळावर झाली. फ्लॅक जॉश कोल्सन या प्रोग्रामरने लिहून २००१ मध्ये सर्वांना खुली केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटच्या मानकांत तिची रीतसर नोंद झाली. आज ‘प्लॅटिनम’ म्हणून जी प्रत विकली जाते, तिचे वेष्टन ही फुकट वाटलेली सार्वजनिक मालमत्ता आहे. याच्या नेमके उलट टोक म्हणजे एमक्यूए ही खासगी पद्धत. पेटंटाच्या कुंपणात ठेवून, शुद्धतेचे मोठे दावे करून ती टायडलमार्फत विकली गेली. २०२३ मध्ये तिच्या मालक कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया ओढवली आणि पुढच्याच वर्षी टायडलने ती काढून टाकून फ्लॅकचा आसरा घेतला. कुंपण कोसळले, कुरण राहिले.

अस्सल प्रत कोठे हवी?

येथे कार्यकर्त्याच्या मनात येणाऱ्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. ज्या देशात पिण्याच्या पाण्याची प्रत सांभाळता येत नाही, तेथे आवाजाच्या प्रतीची उठाठेव ही सुखवस्तूंची चैन नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट ही आवाजाच्या दृष्टीने तबकडीहून उणी, सुरसुर करणारी, उन्हात ठेवली तर वाकडी होणारी वस्तू. तरीही १९८०च्या दशकात तिने या देशात जी क्रांती केली ती कोणत्याही अस्सल प्रतीला साधलेली नाही. ध्वनिमुद्रण एका-दोन मोठ्या कंपन्यांच्या हातांतून सुटले. कोळीगीते, शाहिरी, वाघ्या-मुरळीची गाणी आणि भीमगीते यांना बाजारपेठ मिळाली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या देवळाबाहेर आणि जयंतीच्या मांडवात सारख्याच अधिकाराने घुमू लागला. त्या सुरसुरीबद्दल कोणी तक्रार केली नाही. आधी आवाज पोहोचला पाहिजे, मग त्याची प्रत. हा धडा कॅसेटने दिला आणि तो आजही खरा आहे.

हिशेबही तेच सांगतो. १६० किलोबिटांच्या दराने तासभर ऐकले तर सुमारे ७२ एमबी डेटा लागतो. सीडीच्या मापाचे लॉसलेस त्याच तासाला साधारण साडेतीनशे ते चारशे एमबी खाते आणि सर्वांत वरची हाय-रेझोल्युशन प्रत दोन जीबीच्याही पुढे जाते. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर चालणाऱ्या घरात लॉसलेस चार तासांत दिवसाचा डेटा संपवील. त्याच डेटात १६० चा आवाज जवळजवळ वीस तास चालेल. सर्वांना लॉसलेस मिळालेच पाहिजे, ही मागणी म्हणूनच फसवी आहे. श्रोत्याची रास्त मागणी एवढीच की, चांगल्या पद्धतीचा १६० किलोबिटांचा आवाज हा विनावर्गणी ऐकणाऱ्याचाही किमान हक्क असावा आणि त्याखाली कोणालाही ढकलू नये.

मग अस्सल प्रत निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. तिची जागा कानात नसून कोठारात आहे. गाळीव प्रतीवरून पुन्हा गाळीव प्रत काढली की दर वेळी काही तरी झिजते. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसे. उद्या याहून चांगली पद्धत निघाली तर नवी प्रत मुळावरूनच काढावी लागेल, आणि मूळ जपलेले नसेल तर पुढच्या पिढ्यांना आजचा चाळलेला कोंडारहित आवाजच वारशात मिळेल. लॉसलेस ऐकण्यासाठी फारसे नको, जतनासाठी अत्यावश्यक आहे. बाजाराने नेमके उलट केले आहे. जेथे ते कळत नाही तेथे विकले आणि जेथे त्यावाचून चालत नाही तेथे कोणी विचारत नाही.

भाड्याच्या कोठारावर जतनाची भिस्त ठेवता येत नाही, हेही याच देशात दिसून आले आहे. रेसो ही सेवा जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेली. त्याच वर्षी विंकही बंद झाली. त्यांच्यावर वर्षानुवर्षे जमवलेल्या गाण्यांच्या याद्या श्रोत्याच्या मालकीच्या कधी नव्हत्याच. शिवाय या सेवांच्या यादीत गायकाचे नाव असते. संवादिनी, सारंगी आणि तबल्याच्या साथीदारांची नावे बहुधा नसतात. कोणी वाजवले हे हरवणे हीसुद्धा गळतीच आहे, आणि कोणत्याही बिटदराने ती मोजता येत नाही.

या कामाला सार्वजनिक संस्थाच हवी आणि ती अस्तित्वात आहे. आकाशवाणीच्या संग्रहात जनतेच्या पैशाने मुद्रित झालेले संगीत, नाटक आणि भाषणे आहेत. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेले गीतरामायण घरोघर पोहोचले ते पुढे सुधीर फडके यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिकांमुळे. मूळ प्रसारणात ती गीते अनेक गायक-गायिकांनी गायिली होती. व्यापारी ध्वनिमुद्रिका आणि सार्वजनिक मुद्रण यांत काय अंतर असते ते यावरून कळावे. अशा संग्रहातील प्रत्येक फितीची अस्सल प्रत सार्वजनिक कोठारात जपली जावी, तीवरून काढलेली मध्यम प्रत कोणाही नागरिकाला विनामूल्य ऐकता यावी आणि साथीदारांसह सर्वांची नावे तीवर असावीत, हे धोरण कोणत्याही ‘प्लॅटिनम’ योजनेपेक्षा संगीताच्या प्रतीला अधिक उपकारक ठरेल.

आणि सरकारकडे बोट दाखवताना घरच्या कपाटाकडेही पाहिलेले बरे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांत वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले यांच्यासारखी माणसे उभी राहिली. त्या परंपरेतली, आणि गावोगावच्या मोर्च्यांची, शिबिरांची, संपांची कितीतरी गाणी कोणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली होती. त्या कॅसेट आज तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. फितीवरचे चुंबकीय कण सुटू लागतात, गाळा चिकटतो, आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. कोणतीही स्ट्रीमिंग कंपनी या गाण्यांसाठी येणार नाही. त्यांत नफा नाही. ज्या कार्यकर्त्यांच्या घरी अशा फिती असतील त्यांनी त्या बरी स्थिती असलेल्या टेपडेकवरून, तारेने जोडून, वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात उतरवाव्यात. गायकाचे, कवीचे, ढोलकीवाल्याचे नाव, गाव आणि साल त्यावर लिहावे. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. वाटण्यासाठी १६० किलोबिटांची प्रत भरपूर झाली. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर दुसऱ्या मोबाइलसमोर वाजवून ध्वनिसंदेश करू नये, कारण ती पद्धत बोलण्यापुरतीच बेतलेली आहे. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की तशीच पोहोचते.

तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसूनही माणसे गात होती. त्यांचा आवाज टिकवण्याचे यंत्र आता प्रत्येक तालुक्यात कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर आहे आणि त्याचे सूत्र फुकट मिळते. उणीव आहे ती कपाट उघडण्याची.